लेक, लाख आणि किरमिजी

वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये साध्या खाण्याच्या लाल रंगाचे चार थेंब टाकले, तर चॉकलेट लाल होत नाही, आकसते. चमच्यावरून रेशमासारखी पडणारी धार थांबते आणि वाटीत ओल्या रव्यासारखा गोळा उरतो. घरी केक करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. आमच्या शाळेत पालकसभेला येणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणी आता घरूनच केक करून विकतात. वाढदिवस तर आहेतच, पण अकीका, बिस्मिल्लाह, रोजाकुशाई, ईद, सगळ्यालाच आता केक लागतो. आणि केकवर चॉकलेटची रंगीत फुले, रंगीत धारा, चंद्रकोरी लागतात.

अशाच एका आईने सभा संपल्यावर पर्समधून एक इवलीशी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. "टीचर, यावर ‘लेक कलर’ लिहिलंय. लेक म्हणजे तलाव ना? मग हा तलावाचा रंग कसला?" तिची मुलगी शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "अम्मी, लेक म्हणजे मी." आम्ही तिघी हसलो. पण प्रश्न चांगला होता. मी उर्दू आणि मराठी शिकवते, शब्दांच्या मागे जाणे हाच माझा धंदा. त्या डबीवरच्या एका शब्दामागे जाता जाता जे हाती लागले, ते आज मांडते आहे.

हा ‘लेक’ तलावही नाही आणि मुलगीही नाही. तो आपलाच ‘लाख’ आहे. संस्कृत ‘लाक्षा’, त्यावरून फारसीत ‘लाक’, अरबीत ‘लक्क’, लॅटिनमध्ये ‘लाक्का’, फ्रेंचमध्ये ‘लाक’ आणि इंग्रजीत ‘लेक’. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा कीटक राळेचे कवच करून राहतो, ती लाख. बांगड्यांची लाख तीच, सरकारी पाकिटावर मोहोर उठवायची लाखही तीच. राळ वेगळी काढताना तिच्यातून तांबडा रंग निघतो. युरोपातल्या रंगाऱ्यांना हा रंग हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशाकडून मिळत असे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या पोर्तुगीज ग्रंथात औषधी आणि मसाल्यांच्या जोडीने लाखेचीही चर्चा आहे.

पुढे या शब्दाचा अर्थ रुंदावला. पाण्यात विरघळणारा कोणताही रंग घ्यायचा, तुरटीसारख्या क्षाराच्या मदतीने तो एका न विरघळणाऱ्या पांढऱ्या भुकटीवर बसवायचा, म्हणजे तो पाण्यात पसरेल पण विरघळणार नाही. अशा प्रत्येक रंगाला ‘लेक’ म्हणू लागले. आज खाण्याच्या लेक रंगांत ही भुकटी बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची असते. आपल्याकडचे जुने रंगारी कापडाला आधी तुरटीचे पाणी पाजत आणि मग रंग चढवत. तत्त्व तेच, फक्त कापडाच्या जागी भुकटी.

आता चॉकलेटकडे येऊ. चॉकलेटला लेकच का लागतो, हे कळायला चॉकलेट मुळात काय आहे हे पाहावे लागते. ते दिसायला पातळ असले तरी त्यात पाणी जवळजवळ नसते. ती वितळलेली चरबी आहे, कोको बटर. त्यात साखरेचे, दुधाच्या पावडरीचे आणि तपकिरी चॉकलेट असेल तर कोकोचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यात पाण्याचा थेंब पडला की साखरेचे कण तो ओढून घेतात, त्यांचा पृष्ठभाग चिकट होतो आणि ते एकमेकांना धरून बसतात. म्हणून गोळा होतो. गंमत अशी, की थेंबाऐवजी अर्धी वाटी गरम दूध किंवा साय ओतली तर ते पुन्हा सैल होते, पण मग तो गनाश होतो, साच्यात कडक होणारे चॉकलेट राहत नाही. केकवाल्यांच्या जेल रंगातही पाणी, ग्लिसरीन असलेच काही असते. बटरक्रीमला ते चालते, चॉकलेटला नाही. डबल बॉयलरच्या वाफेचा एक थेंब, ओला चमचा, नीट न पुसलेली वाटी, एवढेही पुरते.

तेव्हा रंग दोनच प्रकारचे चालतात. एक, तेलात विरघळणारा किंवा तेलात कालवून विकला जाणारा. दुसरा, लेक, म्हणजे न विरघळता नुसता पसरणारा. लेकची भुकटी थेट चॉकलेटमध्ये टाकली तर ठिपके उरतात. ती आधी चमचाभर वितळलेल्या कोको बटरमध्ये किंवा वास नसलेल्या तेलात घोटून घ्यावी लागते, आपण केशर दुधात खलतो तशी. लगेच दिसतो त्यापेक्षा रंग थोड्या वेळाने गडद होतो, म्हणून घाई करून आणखी ओतत राहू नये. आणि पांढरे चॉकलेट खरे तर पांढरे नसते, हस्तिदंती असते. त्यात निळा टाकला की पिवळा आणि निळा मिळून हिरवट छटा येते. बाळाच्या अकीक्याचा आकाशी केक पुष्कळदा मोरपंखी होतो तो यामुळे. काळा हवा असेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही, डार्कच घ्यावे.

पण चॉकलेटमध्ये रंग घालणे ही काही आजची हौस नाही. तिचा आरंभ मेक्सिकोत होतो.

स्पॅनिश लोक तिथे पोचले तेव्हा चॉकलेट हे पेय होते. कोकोच्या बिया वाटून, पाण्यात घुसळून, फेस काढून ते पीत. साखर नव्हती, मिरची होती, सुवासिक फुले होती, आणि रंगासाठी एका झुडपाच्या बिया होत्या. तिथल्या भाषेत अचियोते. कोकणात आणि देशावरही बागेत हे झुडूप दिसते: काटेरी मऊ बोंडे, आत तांबडे बी. आपण त्याला शेंद्री म्हणतो. ते मूळचे अमेरिकेतले, आपल्याकडे पुढे आले. शेंद्रीतला मुख्य रंग, बिक्सिन, तेलात विरघळतो. म्हणजे कोकोच्या चरबीत आपोआप मिसळेल असाच रंग त्या लोकांनी निवडला होता. रसायनशास्त्राचे पुस्तक कोणी वाचले नव्हते, पण वाटणाऱ्या हाताला कळते.

दुसरा लाल रंगही मेक्सिकोतलाच, आणि त्याची गोष्ट शब्दांमुळे मला जास्त जवळची. मराठीत आपण ‘किरमिजी’ म्हणतो. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा, संस्कृत ‘कृमी’चा सख्खा भाऊ. भूमध्य समुद्राभोवतीच्या एका ओकच्या झाडावर जगणाऱ्या किड्यापासून लाल रंग काढत, त्याला अरबीत ‘किर्मिझ’ म्हणत. त्यावरून युरोपात ‘क्रिमझन’ आणि ‘कार्माइन’ हे शब्द गेले, आणि इकडे मराठी-उर्दूत किरमिजी आला. इंग्रजीतल्या ‘व्हर्मिलियन’च्या मुळाशीही लॅटिनमधला ‘छोटा किडा’च आहे. लाल रंग म्हटले की माणसाला किडा आठवत होता, असे दिसते.

बगदादचा ख्रिस्ती हकीम यूहन्ना इब्न मासवैह नवव्या शतकातला. त्याच्या नावाने चालत आलेले एक औषधी माजून आहे. त्यात साखर, गुलाबपाणी, सफरचंदाचा रस, किर्मिझने रंगवलेले रेशीम, मोत्यांची पूड, लाजवर्द, सोन्याचा वर्ख. हृदयाच्या बळकटीसाठी ते घेत. हे लाल, गोड, वर्ख लावलेले माजून युरोपात ‘अल्केर्मेस’ झाले, पुढे इटलीत त्याच नावाचे लाल मद्य झाले, आणि त्या मद्यात भिजवलेला स्पंज घालून ‘झुप्पा इंग्लेझे’ नावाची थरांची मिठाई तिथे आजही करतात. मद्य असल्याने ती आपल्या ताटातली नाही. पण बगदादच्या हकिमाच्या औषधाचा ‘अल्’ इटलीच्या केकमध्ये शाबूत राहिला, हे मला विलक्षण वाटते. ‘कँडी’चेही तसेच. संस्कृत ‘खंड’, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, मग फ्रेंच, मग इंग्रजी. गुलकंदातला ‘कंद’ तोच.

मेक्सिकोतला किडा वेगळा होता, निवडुंगावर वाढणारा, आणि त्याचा रंग भूमध्य समुद्राकाठच्या किड्यापेक्षा कितीतरी दाट होता. पौंडभर कोचिनियल मिळवायला सुमारे ७०,००० किडे लागत. चांदीनंतर स्पेनला मेक्सिकोतून मिळणारी ही सर्वांत मोलाची वस्तू मानली जाई, आणि ती कशापासून होते हे स्पेनने पुष्कळ काळ झाकून ठेवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला वाटले, आपणही हा किडा हिंदुस्थानात वाढवावा. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बागच लावली. पण हाती आला तो हलक्या जातीचा किडा. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही, मात्र त्या किड्याने दक्षिणेतला निवडुंग फस्त करून टाकला.

या कोचिनियलमधला रंग ॲल्युमिनियमच्या क्षाराने बसवला की कार्माइन होते. म्हणजे किरमिज हा स्वतःच एक लेक आहे. किर्म आणि लाख, दोन किड्यांची दोन नावे एकाच डबीत.

पण इतके सगळे लाल रंग हाताशी असूनही चॉकलेट तेव्हा रंगीत का झाले नाही? कारण ते तपकिरी होते. तपकिरीवर काही चढत नाही. त्यासाठी कोकोची चरबी वेगळी व्हावी लागली. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हौटेन यांनी कोको दाबून त्यातले बटर काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९३० च्या दशकात, नेस्लेने कोकोचा गर वगळून नुसते कोको बटर, दूध आणि साखर यांचे पांढरे चॉकलेट बाजारात आणले. आणि मग आले कंपाउंड, ज्यात कोको बटरऐवजी पाम कर्नेलसारखे वनस्पती तेल असते. त्याला टेम्परिंगची, म्हणजे तापमान मोजून मापून वितळवण्या-थंड करण्याची कटकट नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती केकवर दिसणारे रंगीत चॉकलेट हे खरे तर हे कंपाउंड असते. चवीला मी त्याच्या बाजूची नाही, पण मे महिन्यातल्या मराठवाड्यात खरे कोको बटर, जे ३४ अंशांच्या आसपास वितळते, केकवर उभे कसे ठेवायचे याचे उत्तरही माझ्याकडे नाही.

साखरेच्या मिठाईचे मात्र तसे नव्हते. ती पांढरी असते, तिच्यावर कोणताही रंग खुलतो. म्हणून विषाची गोष्ट साखरेपासून सुरू होते.

१८२० साली लंडनमध्ये फ्रेडरिक ॲकम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या भेसळीवर पुस्तक काढले. पहिली हजार प्रत महिन्याभरात खपली. त्याने भेसळ करणाऱ्यांची नावेच छापली होती. थोड्याच काळात त्याच्यावर ग्रंथालयातल्या पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप आला आणि तो देश सोडून जर्मनीला गेला. आरोपात तथ्य असेलही, पण वेळ पाहण्यासारखी आहे.

त्यानंतर १८३१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका विशी-बाविशीच्या आयरिश डॉक्टरचा लेख आला. विषय, लंडनच्या दुकानांत मुलांना विकल्या जाणाऱ्या रंगीत मिठाया. त्याने त्या विकत घेतल्या आणि तपासल्या. तांबड्या रंगात शेंदूर आणि हिंगूळ, म्हणजे शिसे आणि पारा. पिवळ्यात शिशाचा क्रोमेट. हिरव्यात तांब्याची संयुगे. या डॉक्टरचे नाव विल्यम ओशॉनेसी. हे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने माहीत आहे. दोनच वर्षांनी तो कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास यांना जोडणाऱ्या तारायंत्राची उभारणी त्याच्याच देखरेखीखाली झाली. तारायंत्राच्या धड्यात त्याचा उल्लेख येतो, लहान मुलांच्या मिठाईचा येत नाही.

इथे मराठी वाचकाने एक क्षण थांबावे. शेंद्री आणि शेंदूर. एक झुडपाचे बी, जे मेक्सिकोत चॉकलेटमध्ये शतकानुशतके पोटात गेले. दुसरे शिसे, जे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. नावात एका अक्षराचा फरक, रंगात जवळजवळ तोही नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच सुंदर दिसतात. रंगाच्या धंद्यातला सगळा धोका या एका गोष्टीत आहे, की विषारी रंग बिनविषारी रंगापेक्षा स्वस्त, गडद आणि टिकाऊ असू शकतो, आणि पाहून तो ओळखता येत नाही.

ओशॉनेसीच्या लेखाने कायदा झाला नाही. १८५० नंतर त्याच ‘लॅन्सेट’साठी आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन दुकानामागून दुकान तपासले, आणि दुकानदारांची नावे पत्त्यांसह छापून आली. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्यांत चुकून सोमल पडला आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. तो रंगाचा प्रकार नव्हता, साखरेत स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याच्या रिवाजाचा होता. पण त्याने लोक हादरले. १८६० चा दुबळा कायदा आणि १८७५ चा त्यामानाने दणकट कायदा, असा तो रस्ता गेला.

दरम्यान १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून क्विनाइन बनवता बनवता जांभळा रंग बनवला. डांबरातून निघालेल्या रंगांनी पाहता पाहता शिसे-पाऱ्याची जागा घेतली. ते एवढे दाट होते की चिमूटभर पुरे. त्यांनी मिठाई निश्चितच कमी विषारी केली, हे मान्य करायला हवे. नैसर्गिक ते चांगले आणि कृत्रिम ते वाईट, असा सरळ हिशेब या इतिहासात बसत नाही. शेंदूर, हिंगूळ आणि सोमल प्रयोगशाळेच्या आधीपासून होते.

पण मग या नव्या रंगांपैकी पोटात जाऊ देण्याजोगे कोणते? अमेरिकेत १९०६ चा अन्न कायदा झाला तेव्हा बाजारात खाण्यासाठी म्हणून विकले जाणारे सुमारे ८० रंग होते. बर्नहार्ड हेस या रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले आणि १९०७ साली त्यांतल्या अवघ्या ७ रंगांना मान्यता मिळाली. त्या सातांतलेही पुढे गळत गेले. १९५० च्या हॅलोविनला नारिंगी गोळ्या खाऊन मुले आजारी पडली, त्यांत ‘ऑरेंज १’ हा त्या सातांतलाच रंग होता. तो पुढे बंद झाला, आणि १९६० साली रंगांचा कायदा नव्याने बांधला गेला. १९७६ मध्ये ‘रेड २’ वर बंदी आली. एम अँड एम्सच्या गोळ्यांत तो रंग नव्हताच, तरी लोक घाबरतील म्हणून कंपनीने लाल गोळीच काढून टाकली. ती १९८७ मध्ये परत आली. अकरा वर्षे अमेरिकन मुलांनी लाल गोळीशिवाय काढली, आणि त्यातून कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

सातांतला आणखी एक म्हणजे एरिथ्रोसिन, अमेरिकेत ‘रेड ३’. चेरी-गुलाबी रंग, केकवाल्यांचा लाडका. उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी आढळल्याने १९९० साली अमेरिकेने तो सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. त्याच वेळी त्याचे सगळे लेकही बंद केले. ओठाला लावायला मनाई, गिळायला परवानगी, ही विसंगती तब्बल ३५ वर्षे चालली. जानेवारी २०२५ मध्ये अखेर खाद्यपदार्थांतूनही त्याची मान्यता काढली, आणि कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. पांढऱ्या चॉकलेटला आणखी शुभ्र करण्यासाठी घालतात तो टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंद केला.

आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल तीन: पाँसो ४ आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन. पिवळे दोन: टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळे दोन: इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्लू. हिरवा एक: फास्ट ग्रीन. होय, एरिथ्रोसिन आपल्या यादीत आहे. आणि इंडिगो कार्माइनच्या नावात कार्माइन असले तरी त्यात किडा नाही, तो निळीचा वंशज आहे. बहुतेक पदार्थांसाठी मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची. किलोभर चॉकलेटला एक दशांश ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढा निव्वळ रंग. ‘रेड वेल्व्हेट’सारखा गडद लाल चॉकलेटमध्ये आणायचा म्हणून अर्धी डबी ओतणारीने हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आणावा. फिका गुलाबी मर्यादेत बसतो. रक्तासारखा लाल सहसा बसत नाही.

ही यादी मोडली जाते ती कशी, हे २०२४ च्या फेब्रुवारीत दिसले. पुद्दुचेरीत आणि तमिळनाडूत बुढ्ढी के बाल विकायला बंदी घातली गेली, कारण त्या गुलाबी कापसात रोडामिन-बी सापडले, कापड रंगवण्याचा रंग. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कृत्रिम रंगांच्या कॉटन कँडीवर आणि गोबी मंचुरियनवर बडगा उगारला. गाडीवरच्या माणसाला सगळे शिव्या देतात, पण त्याला रंग विकणाऱ्या दुकानात खाण्याचा आणि कापडाचा रंग एकाच फळीवर असतो, हे मी आमच्या बाजारात स्वतः पाहिले आहे.

आणि आता केकवर येते ती सोनेरी, गुलाबी-सोनेरी, चमकती भुकटी. चॉकलेटच्या पाकळ्यांवर ब्रशने फिरवली की दागिना वाटतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये दोन घटनांचा अहवाल दिला. २०१८ साली ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या. केकवरची गुलाबी-सोनेरी भुकटी तपासली तर ती जवळजवळ निव्वळ तांब्या-पितळेची पूड होती. २०१९ साली मिझुरीत एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवर ‘प्रिमरोज’ नावाची भुकटी वापरली होती, तिच्यात सुमारे चौथा हिस्सा शिसे निघाले. ओशॉनेसीच्या लेखाला तेव्हा १८८ वर्षे झाली होती. या वेळी भेसळखोर दुकानदार कोणी नव्हता. अशा भुकट्यांवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असते आणि खाण्याच्या केकसाठी म्हणूनच त्या घेतल्या जातात.

भाषा शिकवणारीला इथे राहवत नाही. ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे ‘खाण्यायोग्य’ नव्हे. खडूही नॉन-टॉक्सिक असतो. ‘फॉर डेकोरेशन ओन्ली’ म्हणजे शोभेला ठेवा, खायच्या आधी काढून टाका. खाण्याची म्हणून विकलेली भुकटी असेल तर तिच्यावर ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी असते, आणि आपल्याकडे एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांकही. यांपैकी काहीच नसलेली डबी कितीही सुंदर असली तरी ती हस्तकलेच्या दुकानाची.

राहिला तो प्रश्न, जो मला सर्वांत जास्त विचारला जातो. आयात केलेल्या स्प्रिंकल्सवर ‘ई १२०’ असेल, तर ते चालेल का? ई १२० म्हणजे कार्माइन, आपला किरमिजी. उलेमांचे यावर एकमत नाही. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी, कोकणातले शाफई, आणि दोन्हीकडच्या प्रचलित मतात टोळ सोडला तर कीटक खाणे मान्य नाही. मालिकी मत सैल आहे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०११ मध्ये कोचिनियलचा रंग हलाल ठरवला; त्याच देशात पूर्व जावाच्या नहदतुल उलमाने २०२३ मध्ये उलट निर्णय दिला. मी मुफ्ती नाही, तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण नुसते ‘रेड’ किंवा ‘नॅचरल कलर’ वाचून समाधान मानू नये, आकडा शोधावा एवढे मी नक्की सांगेन. हा प्रश्न आपल्यापुरताही नाही. शेजारच्या जैन घरात केक जाणार असेल तर त्यांनाही तो पडतो. भारतीय लेबलच्या नियमांत कीटक मांसाहारी घटकांत मोडतात, पण मध, मेण आणि शेलॅक यांना सूट आहे. शेलॅक म्हणजे चॉकलेटच्या गोळ्यांना चकाकी देणारी लाख. म्हणजे किरमिजाला तपकिरी खूण आणि लाखेला हिरवी. कायद्याने दोन किड्यांत असा फरक केलेला आहे.

ज्यांना यातले काहीच नको, त्यांच्यासाठी मेक्सिकोची युक्ती अजून लागू पडते. शेंद्रीचे स्वच्छ, वाळलेले बी वास नसलेल्या तेलात अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवावे. तेल केशरी झाले की उतरवावे. बी काळे पडू दिले तर तेल कडवट होते. गाळून, पूर्ण थंड करून, कोरड्या बाटलीत भरावे. वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते थेंबाथेंबाने घालावे, गोळा होत नाही. चमच्यापेक्षा जास्त मात्र नको, कारण जादा तेलाने चॉकलेट मऊ राहते आणि साच्यातून सुटत नाही. रंग जर्द पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत येतो. लाल येत नाही.